न्हाव्याचा उकिरडा

न्हाव्याचा उकिरडा कितीही उकरला तरी केसच निघायचे, असं आपले पूर्वज सांगून गेले. पूर्वज लंडनला गेले नव्हते. तिथल्या ग्रेसचर्च स्ट्रीटवर, लेडनहॉल मार्केटच्या कोपऱ्यावर, काही वर्षांपूर्वी मी गेलो तेव्हा पुरुषांचे केस कापायचं एक दुकान होतं. १८८० च्या दशकात मार्केटच्या नव्या बांधकामासाठी ती जागा खणली, तेव्हा केस निघाले नाहीत. रोमन साम्राज्य निघालं. अख्खं नाही, एका कमानीच्या खांबाचं बूड फक्त. पण ज्या इमारतीची ती कमान, ती रोमन लोकांनी आल्प्सच्या उत्तरेला बांधलेल्या आपल्या प्रकारातल्या इमारतींत सगळ्यात मोठी मानली जाते. तिचा हा उरलासुरला तुकडा, दाढीच्या साबणाच्या वासात, तळघरात नांदत होता.

हे ऐकल्यावर मी भाच्याला फोन केला. तो तिथल्याच एका विमा कंपनीत आहे, आणि त्याचं ऑफिस लेडनहॉल मार्केटपासून हाकेच्या अंतरावर.

“मामा, कोपऱ्यावरचं सलून? अहो, मी तिथंच केस कापतो!”

“मग खाली काय आहे ते पाहिलंस का?”

“खाली? खाली टॉवेल ठेवत असतील.”

त्याच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. पोरगा इतकी वर्षं सम्राट हेड्रियनच्या काळातल्या इमारतीच्या डोक्यावर खुर्चीत बसून मान पुढे, मान मागे करत होता. लंडनमध्ये इतिहास इतका आहे की तिथल्या माणसाला तो दिसत नाही. पुण्यात नाही का, शनिवारवाड्याला वळसा घालून रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला तुम्ही “आत गेला होतात का?” विचारलंत, तर तो “शाळेच्या सहलीला” एवढंच सांगतो.

तो खांब पाहायचाच, असं ठरवलं; प्रश्न होता तो आत शिरायचा कसा. देवळात जायला भक्ती लागते, वस्तुसंग्रहालयात तिकीट लागतं, सलूनमध्ये केस लागतात. आणि माझ्या डोक्यावर सध्या जे आहे त्याला केस म्हणणं हा केसांचा अपमान आहे. कानांच्या वर दोन्ही बाजूंना एकेक पट्टा आणि मधे उघडं मैदान. ही म्हणाली, “अहो, तुम्ही केस कापायला गेलात तर तो तुम्हाला वाट चुकलेला प्रवासी समजून रस्ता सांगेल.” मी म्हटलं, अवशेष पाहायला अवशेष घेऊनच गेलेलं बरं.

नुसतं दारातून डोकावून “तुमच्या तळघरात जाऊ का?” असं विचारायचं, असाही एक मार्ग होता. तो मराठी माणसाला जमत नाही. आपण ओळखीच्या घरीही पाणी मागताना आधी दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारतो. अनोळखी माणसाच्या दुकानात शिरून एकदम तळघरच मागायचं? आपल्याकडे कुणी असं मागितलं तर दुकानदार पहिल्यांदा आयकराचं ओळखपत्र पाहायला मागेल. तेव्हा ठरलं, रीतसर हजामत करवून घ्यायची. दर काचेवर लिहिला होता. भाच्यानं तो वाचला, मी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला, आणि बिनपाण्यानं हजामत म्हणजे काय ते पाण्याच्या आधीच कळलं.

लेडनहॉल मार्केट बघण्यासारखं आहे हे मात्र कबूल करायला हवं. १८८१ साली होरेस जोन्स या वास्तुविशारदानं उभं केलेलं हे काचेच्या छपराचं, ओतीव लोखंडी खांबांचं, मलई, हिरव्या, किरमिजी रंगांत नटलेलं बाजाराचं देऊळ. टॉवर ब्रिजचा आराखडा ज्यानं केला तोच हा माणूस. पूर्वी इथं कोंबड्या, बदकं आणि मटण विकत. आता वाइन, सूट आणि विमा कंपन्यांच्या साहेबांचं दुपारचं जेवण. शेजारीच लॉइड्सची इमारत, जिचे नळ, जिने आणि लिफ्ट सगळं बाहेर काढून ठेवलंय. म्हणजे एकाच चौकात एका इमारतीचं पोट बाहेर आणि दुसरीचं तळघरात.

या बाजाराचा एक जुना मानकरी होता ओल्ड टॉम नावाचा हंस. कापायला आणलेल्या हजारो हंसांतून हा एकटा निसटला, असं सांगतात. मग बाजारातल्या लोकांनाच त्याची माया लागली, खानावळीवाले त्याला खाऊ घालू लागले, आणि हा गडी सदतीस वर्षं जगून १८३५ साली वारला. त्याच्यावर ‘टाइम्स’नं मृत्युलेख छापला. आजही त्याच्या नावानं तिथं एक बार आहे. खाटकांच्या बाजारात म्हातारपणानं मरणारा हंस हा लंडनच्या सहिष्णुतेचा मोठा पुरावा मानायला हवा. बाकीच्या हजारोंचं काय झालं, त्यावर कुणी बार काढलेला नाही.

पण आम्ही गेलो तेव्हा गर्दी ना टॉमसाठी होती, ना रोमनांसाठी. ती होती एका दाराभोवती. मार्केटच्या बोळातल्या एका निळ्या दाराचा उपयोग पहिल्या हॅरी पॉटर सिनेमात जादूगारांच्या गुत्त्याचं दार म्हणून केला होता. खरं तर तेव्हा ते चष्म्याचं दुकान होतं. त्या दारासमोर जगभरातली पोरं आणि पोरांहून उत्साही आईबाप रांगेनं उभे राहून फोटो काढत होते. जे गाव कधी नव्हतंच त्याच्या दाराला रांग, आणि जे गाव खरोखर पायाखाली आहे त्याच्या दारात आम्ही दोघे.

सलूनमध्ये शिरलो. कारागीर भला माणूस. त्यानं मला खुर्चीत बसवलं, अंगावर चादर टाकली आणि थोडा वेळ डोक्याकडे पाहत राहिला. मग भाच्याकडे वळून, जणू माझं डोकं ही माझी खासगी बाब नाही अशा थाटात, म्हणाला, “इथं फार काही करण्यासारखं नाही. पण जे आहे ते नीट राखू.”

“मामा,” भाचा कानाशी कुजबुजला, “हे वाक्य पुरातत्त्व खात्याच्या पाटीवर लिहायला पाहिजे.”

काम पाच मिनिटांत झालं असतं, पण पैसे पुरे घ्यायचे आहेत याची जाणीव ठेवून त्यानं ते चांगलं लांबवलं. कात्री हवेतच जास्त चालली. मी आरशात बघत योग्य क्षणाची वाट पाहत होतो. शेवटी मान झटकून झाली, मागचा आरसा दाखवून झाला (मागे काय दिसणार होतं ते मला पाठ आहे), आणि मी खाकरून म्हटलं, “ते खाली... रोमन काहीतरी आहे म्हणे?”

तो हसला. अगदी ओळखीचं हसू. म्हणजे आमच्यासारखी गिऱ्हाइकं त्याला नवी नव्हती. मला तर वाटतं, मी दारातून आत आलो तेव्हाच त्यानं माझ्या डोक्यावरून ओळखलं असणार की हा माणूस केसांसाठी आलेला नाही. त्यानं जिन्याकडे बोट केलं. “दिवा लावून घ्या. डोकं सांभाळा.” माझ्या बाबतीत आता सांभाळण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

अरुंद जिना उतरून खाली गेलो. टॉवेल खरंच होते. भाच्यानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. त्यांच्या पलीकडे काच होती, काचेमागे मंद उजेड, आणि त्या उजेडात विटांचा एक ओबडधोबड ढीग. रोमन विटा आपल्या विटांसारख्या जाड नसतात; पातळ, पसरट, फरशीच्या जातीच्या. त्यांचे थरावर थर आणि मधे चुन्याचा जाड लेप. ढीग म्हटलं, पण नीट पाहिलं तर कळतं की हा कमान पेलणारा खांब आहे, किंवा त्याचं जे काय उरलं ते.

भाचा थोडा वेळ गप्प उभा राहिला आणि म्हणाला, “बस्स? एवढंच?”

एवढंच. आणि इथंच माणसाची परीक्षा असते. कारण अवशेष डोळ्यांना कमी आणि कल्पनेला जास्त दिसतात. आता ऐक, म्हटलं.

रोमन लोकांनी थेम्सच्या काठी लोंडिनियम वसवलं ते साधारण इ.स. ४७-४८ च्या सुमाराला. सैन्याची छावणी म्हणून कमी आणि व्यापाऱ्यांचं गाव म्हणून जास्त. बारा-तेरा वर्षांतच, म्हणजे इ.स. ६०-६१ मध्ये, बोडिका नावाच्या स्थानिक राणीनं बंड करून ते गाव बेचिराख केलं. आजही लंडनमध्ये खोल खणलं की जळलेल्या मातीचा लाल थर लागतो. उत्खनन करणाऱ्यांना तो पाहिला की आपण कुठल्या सालात आलो हे घड्याळ न पाहता कळतं. मग रोमनांनी गाव पुन्हा बांधलं. मधोमध चौक, म्हणजे फोरम, आणि त्याच्या एका बाजूला बॅसिलिका. बॅसिलिका म्हटल्यावर आपल्याला गोव्यातलं चर्च आठवतं, पण मूळची बॅसिलिका धर्माची नव्हे. कोर्ट, कचेरी आणि सावकारांचे व्यवहार सगळं एका छपराखाली. तहसील कार्यालय, जिल्हा न्यायालय आणि मार्केट यार्ड एकत्र केलं तर काय गर्दी होईल, ते डोळ्यांसमोर आणावं.

पहिली बॅसिलिका पुरी पडेना म्हणून तिच्या जागी दुसरी बांधली, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. ही दीडशे मीटरहून लांब होती आणि फोरमसकट सगळं प्रकरण जवळजवळ पाच एकरांत पसरलं होतं. पुढं इ.स. ३०० च्या सुमाराला ती पाडून टाकली. कॅरॉशियस नावाच्या सरदारानं रोमपासून फुटून ब्रिटनमध्ये आपलं वेगळं राज्य थाटलं होतं. लंडननं त्याला साथ दिली म्हणून रोमनं शिक्षा केली, असं एक मत आहे. पक्षांतर करणाऱ्यांच्या गावाचं कोर्टच पाडायचं, ही शिक्षा आपल्याकडे सुरू केली तर न्यायदानाला एकही खोली उरणार नाही.

आणि या सगळ्यात गंमत म्हणजे हेड्रियन. दुसरी बॅसिलिका उभी राहत होती त्याच काळातला हा सम्राट, इ.स. १२२ मध्ये तो खुद्द ब्रिटनला येऊन गेला. त्याच्या आधीचे रोमन सम्राट दाढीमिशा गुळगुळीत करून मिरवत. यानं भरघोस दाढी राखली आणि दरबारापासून खेड्यापर्यंत दाढीची टूम आली. म्हणजे ज्या सम्राटानं न्हाव्यांच्या पोटावर पाय आणला, त्याच्याच काळातल्या खांबावर आज एका न्हाव्याचं पोट चाललं आहे. एवढा काव्यगत न्याय कादंबरीत घातला तर संपादक खोडून टाकेल.

भाचा आता जरा वाकून पाहू लागला. काचेवर त्याचा श्वास जमला.

“मामा, पण हे इतकं खाली कसं गेलं?”

गेलं नाही, वरचं वर आलं. जुनी घरं पाडायची, राडारोडा तिथंच पसरायचा, त्यावर नवं बांधायचं. मधूनमधून आगी, आणि कचरा तर रोजचाच. दोन हजार वर्षांत शहराचा मजला चढत जातो. लंडनच्या जुन्या भागात रोमनांची जमीन आज कित्येक मीटर खाली आहे. म्हणून तिथं कुणीही काहीही बांधायला गेलं की पहिल्यांदा पुरातत्त्ववाले हजर होतात, आणि बिल्डरचा चेहरा पडतो.

त्यामुळं लंडनचे रोमन हे नेहमी कुणाच्या तरी भाडेकरूसारखे राहतात. लंडन वॉल या रस्त्याखालच्या वाहनतळात रोमन तटबंदीचा एक मोठा तुकडा उभा आहे. दोन्ही बाजूंना मोटारी, मधे तट. पार्किंगची जागा अडवून ठेवणारा आणि दंड न भरणारा लंडनमधला तो एकमेव. गिल्डहॉलच्या चित्रदालनाखाली १९८८ मध्ये रोमन रंगमंडल सापडलं; तिथं वर चित्रं आणि खाली जिथं माणसं नि जनावरं झुंजली ती वाळू. लोअर थेम्स स्ट्रीटवर ऑफिसच्या इमारतीखाली रोमन घर आणि स्नानगृह आहे, १८४८ पासून माहीत असलेलं.

आणि मिथ्र देवाचं मंदिर! १९५४ साली एका बांधकामाच्या जागी डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांच्या हाताला ते लागलं. पाहायला लाखो लोकांच्या रांगा लागल्या, मंत्रिमंडळात चर्चा झाली. मग इमारत तर उभी राहायलाच हवी होती, म्हणून मंदिर उचललं आणि शंभरेक मीटरवर पुन्हा रचलं, तेही उघड्यावर आणि अशा थाटात की खुद्द ग्राइम्स वैतागले. शेवटी २०१७ मध्ये ते मूळ जागी, ब्लूमबर्गच्या मुख्यालयाखाली, रस्त्यापासून सात मीटर खोल परत आलं. देवालाही बदली होऊन मूळ गावी परत यायला साठेक वर्षं लागली. सरकारी नोकरांनी धीर धरावा.

त्याच ब्लूमबर्गच्या जागेत खणताना लाकडी लेखनपाट्या सापडल्या, चारशेहून जास्त. त्यांतली एक इ.स. ५७ सालच्या ८ जानेवारीची. लंडनच्या आर्थिक व्यवहाराची ही सगळ्यात जुनी तारीखवार नोंद. त्यात काय आहे? टिबुलस नावाचा मुक्त झालेला गुलाम लिहून देतो की घेतलेल्या मालापोटी मी ग्रॅटसचे १०५ दिनार देणं लागतो. संपलं. जगातल्या एवढ्या मोठ्या सावकारी शहराचा इतिहास उधारीच्या चिठ्ठीनं सुरू होतो. पुढं चारेक वर्षांत बोडिकेनं गावच जाळलं. ग्रॅटसची वसुली झाली का, हे पाटीवर नाही, पण वसुली टाळायला एवढं मजबूत कारण नंतर कुणाला मिळालं नसेल.

हे सगळं मी तळघरात सांगत होतो, तेव्हा वरून कात्रीचा आवाज येत होता. दुसरं गिऱ्हाईक बसलं असावं. कोण जाणे, तोही वीस वर्षं इथंच केस कापत असेल.

आता इथं मला आपलं मत मांडायचं आहे, आणि ते पुरातत्त्ववाल्यांना आवडणार नाही. अवशेष टिकवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्यावर दुकान टाकणं. आपल्याकडे “हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे आहे, नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल” अशी निळी पाटी लावतात, आणि पाटीच्या मागच्या भिंतीवर बाणानं भोसकलेलं हृदय आणि दोन नावं कोरलेली असतात. सलूनच्या तळघरात कुणी काहीच कोरलेलं नव्हतं. कसं कोरणार? वर एक माणूस धारदार वस्तरा घेऊन उभा आहे, आणि बाहेर पडायचा रस्ता त्याच्या खुर्चीवरूनच जातो.

शिवाय दुकानदाराला अवशेषाचं ओझं नसतं. त्याला तिथं साउंड अँड लाइट शो करायचा नसतो, सेल्फी पॉइंट नको असतो, उद्घाटनाला मंत्री नको असतो. त्याला फक्त टॉवेल ठेवायला उरलेली जागा हवी असते. स्वार्थ आणि इतिहास यांची इतकी शांत तडजोड मी दुसरीकडं पाहिलेली नाही.

अर्थात प्रत्येक वेळी असं सुरळीत होत नाही, आणि त्याच ग्रेसचर्च स्ट्रीटवर आता वेगळंच घडतं आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं की ८५ नंबरच्या ऑफिस इमारतीखाली पहिल्या बॅसिलिकेचे, म्हणजे इ.स. ७८ ते ८४ च्या सुमाराच्या इमारतीचे, पाये सापडले आहेत. मालकांनी तिथं गगनचुंबी मनोरा उभा करायचं ठरवलेलं. आता आराखडा बदलून ते अवशेष लोकांना पाहता येतील अशी सोय करणार आहेत. लवकरच तिथं तिकीटघर नसलं तरी माहितीफलक, दिव्यांची आरास आणि खरेदीचा कोपरा येणार यात शंका नाही. एकीकडे थाटामाटातला रोम, दुसरीकडे टॉवेलांमागचा रोम. मला विचाराल तर मी टॉवेलांच्या बाजूनं आहे.

पैसे देऊन बाहेर पडलो. टीप दिली ती केसांसाठी नव्हे, खांबासाठी. भाचा दाराबाहेर थबकला, मागं वळून पाहिलं आणि म्हणाला, “मामा, ऑफिसात कुणाला सांगू नका हं. उद्या सगळे केस कापायला येतील, माझा नंबर लागणार नाही.”

मी कुणाला सांगितलं नाही. आता छापतो आहे, पण मराठीत, तेव्हा त्याचा नंबर सुरक्षित आहे.

तुम्ही लंडनला गेलात तर दुकान अजून चालू आहे ना याची आधी खात्री करा, शक्य तर केस थोडे वाढवून जा, आणि दारात शिरताच तळघर मागू नका. मिथ्राचं मंदिर पाहायचं असेल तर ते फुकट आहे. आणि लंडनला जाणं होणार नसेल, तर कोल्हापूरला जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती मिळाली. सातवाहनांच्या काळात पश्चिमेशी जो व्यापार चाले त्यातून ती पंचगंगेच्या काठी आलेली. ती तिथल्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. गर्दी नसते, कुणी फोटोसाठी ढकलत नाही, आणि पाहायला केस कापून घ्यावे लागत नाहीत.